दहा दिवस, तीन ठिकाणे आणि पिशवीतले ऑफिस

डिसेंबर सरत आला की मुंबईहून कोकणात जाणारा रस्ता तुंबतो. नाताळ आणि नवे वर्ष साजरे करायला निघालेल्या गाड्या पनवेलपासूनच एकामागे एक लागतात. किनाऱ्यावरच्या खोल्यांचे भाव चढतात. त्याच गर्दीत, त्याच रस्त्याने आणि त्याच आगगाडीने आपली माणसेही निघालेली असतात. त्यांना समुद्रकिनारा गाठायचा नसतो. त्यांना २५ डिसेंबरला महाड, १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि जमले तर ३ जानेवारीला सावित्रीबाईंचे नायगाव गाठायचे असते. दहा दिवस आणि तीन ठिकाणे. आपल्या घरांत सुट्टीचा हंगाम म्हणायचा तो हाच.

नाताळच्या सुट्टीचा असा उपयोग काही नवा नाही. इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि कोर्टे नाताळात बंद असत. म्हणून सभा आणि परिषदा या आठवड्यात भरत. महाडची दुसरी परिषदही १९२७ च्या नाताळात भरली. कामकरी माणसाला दुसऱ्याच्या सुट्टीत आपला दिवस बसवावा लागतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

पूर्वी या प्रवासाला एकच अडचण असे. ती म्हणजे रजा. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका, जिथे हजेरी तिथे माणूस. रजा मिळाली तर तो घरच्यांबरोबर निघे, नाही मिळाली तर घरचे जात आणि तो कामावर राही. निदान कोण कुठे आहे हे स्पष्ट असे. २०२० च्या टाळेबंदीनंतर मात्र तिसराच प्रकार सुरू झाला. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली आता घरी बसून कंपनीचे काम करतात. ऑफिस लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉप पिशवीत. घरचे म्हणतात, "तुझं काम तर कुठूनही होतं, मग चल की!" कंपनी म्हणते, "काम कुठूनही होतं, मग रजा कशाला?" मुलगी प्रवासालाही येते आणि कामावरही असते. घरच्यांना वाटते ती आली, कंपनीला वाटते ती हजर आहे, आणि तिला स्वतःला वाटते की आपण दोन्हीकडे अर्ध्याच आहोत.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही हा प्रवास असाच केला. मी, मुलांचे वडील, सासूबाई आणि आमची थोरली. त्यात जे कळले ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

रजेचा अर्ज

थोरलीचे काम विलायतेतल्या एका दुकान-कंपनीच्या ग्राहकांना उत्तरे देण्याचे. माल पोहोचला नाही, कपडा बसला नाही, पैसे परत कधी, असली विचारणा. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे दुपारचे अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे घेतात, म्हणून उन्हाळ्यात दीडला लागणारी पाळी हिवाळ्यात अडीचला लागते आणि रात्री अकराला सुटते. तिकडे २५ आणि २६ डिसेंबर तसेच १ जानेवारी हे सुट्टीचे दिवस. तरी मालाच्या तक्रारी थांबत नाहीत, म्हणून त्या दिवशीही दोघे-तिघे कामावर ठेवतात.

नोव्हेंबरात पाळ्यांची यादी निघाली, तेव्हा २५ तारखेला तिचे नाव होते. तिने विचारले, मीच का? वरचा म्हणाला, "तुमच्याकडे कुठे नाताळ असतो? ज्यांच्या घरी आहे त्यांना सोडू दे."

बोलणे वरवर बरोबरच होते. आता तिने सांगायचे काय? घरी कार्यक्रम आहे म्हणावे तर सोपे. गावी पूजा आहे म्हणावे तर त्याहून सोपे, कोणी पुढे विचारत नाही. आणि महाडला जायचे आहे असे लिहावे, तर त्या एका शब्दाने आपण कोण हे सगळ्या टीमला कळते. शहरात, इंग्रजीत, पडद्यावर काम करणाऱ्या मुलांना वाटते की इथे जात कोणी विचारत नाही. विचारत नाहीत हे खरे, पण आपणही सांगत नाही. त्या न सांगण्यावरच पुष्कळांची नोकरी शांतपणे चाललेली असते. आम्ही आईबापांनी तिला अमुकच लिही असे सांगितले नाही. नोकरी तिची, घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो.

दोन दिवस ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, खोटं कारण दिलं तर दरवर्षी नवीन खोटं शोधावं लागेल." आणि तिने सरळ लिहिले : २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. आमच्या कुटुंबाचा हा मानाचा दिवस आहे. या दिवशी मला रजा हवी. त्याबदल्यात २६ आणि ३१ तारखेची पाळी मी पूर्ण करीन.

उत्तराला तीन दिवस लागले. एका सहकारणीने मध्येच विचारले, "अगं, तू त्यांच्यातली का? वाटत नाहीस." हेही ऐकून घ्यावे लागले. चौथ्या दिवशी रजा मंजूर झाली. त्याच रात्री भंडाऱ्याकडच्या एका मुलाचा निरोप आला. दोन वर्षे दोघे एकाच टीममध्ये, पण एकमेकांना फक्त पडद्यावर पाहिलेले. त्याने लिहिले होते, "जयभीम ताई. मी दरवर्षी गावी पूजा म्हणून लिहितो."

म्हणून पहिली गोष्ट ही. रजा नावानिशी मागता आली तर मागावी, लेखी मागावी, पाळ्यांची यादी निघण्याआधी मागावी, आणि बदल्यात आपण कोणता दिवस भरू हेही त्याच अर्जात लिहावे. ज्याला नाव घेणे आज परवडत नाही त्याला कोणी नावे ठेवू नयेत. प्रत्येकाच्या घरची चूल वेगळी असते.

निघण्याआधी

कंपनीच्या कामाला कंपनीची परवानगी लागते, ती फक्त दिवसाची नाही तर जागेचीही. ग्राहकांची नावे, पत्ते आणि पैशांचे व्यवहार पडद्यावर असतात, त्यामुळे काही कंपन्या ठरल्या पत्त्याबाहेर काम करू देत नाहीत. थोरलीने नातेवाइकांच्या दोन्ही घरांचे पत्ते आधी कळवून होकार घेतला. ज्यांना असा होकार नसेल त्यांनी चोरून करू नये, एका तक्रारीवर नोकरी जाते.

दुसरे, रेंज. महाडजवळच्या गावात वन्संचे घर आहे. तिथे कोणत्या कंपनीचा फोन लागतो हे भाच्याकडून आठवडाभर आधी तपासून घेतले. एकाचा मागच्या अंगणात लागत होता, दुसऱ्याचा फक्त माळ्यावर. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेतली. वीज गेली तर लॅपटॉप किती तास चालतो, हेही घरीच घड्याळ लावून पाहिले. मोबाईलच्या साध्या पॉवर बँकेवर लॅपटॉप चालेल या भरवशावर राहू नये.

तिसरे, गाडी. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणजे नाताळच्या गाडीसाठी दिवाळीच्या सुमारासच जागे राहावे लागते. आम्ही दिव्याहून पहाटे सुटणारी सावंतवाडी गाडी धरली. ती वीर स्टेशनला थांबते. वीर हेच महाडला जवळचे स्टेशन, पुढे रिक्षा किंवा एस.टी. पहाटेची गाडी धरण्याचे कारण एवढेच की अडीचच्या आधी मुलगी टेबलाशी बसली पाहिजे. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे सासू, सून आणि नात यांचा खर्च हलका झाला.

महाड

२४ तारखेला अकराच्या आत आम्ही वन्संच्या घरी पोहोचलो. अडीचला थोरली माळ्यावर गेली. खाली स्वयंपाक, पाहुणे, पोरांचा दंगा. कुकरच्या शिट्ट्या विलायतेपर्यंत पोहोचल्या आणि तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, तुमच्या घराजवळून आगगाडी जाते का? तेव्हापासून वन्संनी पाळीच्या वेळात कुकर बंद केला आणि भात पातेल्यात लावला.

२५ ची सकाळ मात्र पूर्ण आमची होती. लॅपटॉप वन्संच्या कपाटात कुलपात. चवदार तळे महाड गावाच्या वस्तीतच आहे, चारी बाजूंनी घरे आणि रस्ते. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते, एवढेच? पाणी पाहून तसे वाटणे साहजिक आहे. पण या पाण्याचा हिशोब ऐकावा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, आणि मार्च १९२७ च्या परिषदेला मात्र चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा तो ठराव कागदावरून उतरला. पुढे खटला चालला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ तारखेच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. लढा माणसांशी नव्हता, नियमाशी होता. याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. राहणी बदला, अंगावरचे जातीची खूण सांगणारे दागिने टाका, मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असे त्यांनी सांगितले. आज अनेक संघटना २५ डिसेंबर हा भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. क्रांतिस्तंभापाशी दूरदूरच्या बायका पांढऱ्या साड्यांत रांगेने उभ्या होत्या. सासूबाई थकल्या म्हणून थोरली त्यांना धरून उभी होती. तिचा फोन बंद होता. दिवसभरात तिने तो एकदाही उघडला नाही.

२६ ला पाळी होती, पण ती अडीचला. म्हणून सकाळी गांधारपाले लेण्यांवर गेलो. महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून पाले गावाच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत, लहानमोठी मिळून सुमारे तीस. चढ थोडा दमवणारा आहे, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी खालूनच पाहावी. वर विहार आणि भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने दान दिल्याचा लेख आहे. महाड हे जुने व्यापारी ठिकाण, म्हणून वाटसरू आणि भिक्षू यांच्या सोयीची ही जागा. खाली नदीचे खोरे दिसते. रस्त्यावर गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमच्याशिवाय लेण्यांत फारसे कोणी नव्हते.

२७ च्या सकाळी दासगावला गेलो. सावित्री नदीच्या खाडीवरचे हे गाव. डिसेंबर १९२७ मध्ये धरमतरच्या वाटेने गेल्यास मोटारवाले बसू देणार नाहीत, अशी शंका होती. म्हणून बाबासाहेब दोनशेवर माणसांसह २४ तारखेला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ ला दुपारी दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आपण गाडीला गर्दी म्हणून कुरकुरतो. त्यांना गाडीत बसण्याचीच खात्री नव्हती.

त्या रात्री वन्संनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरून, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. रायगड जिल्ह्यातली ही थंडीतली मजा. सगळे जाळाभोवती बसले होते आणि थोरली माळ्यावर कुणाच्या तरी परत आलेल्या बुटांचा हिशोब लावत होती. नाताळ उलटला की तिकडे माल परत करणाऱ्यांची गर्दी होते. आठला जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती खाली आली, गरम शेंगा खाल्ल्या आणि अर्ध्या तासात वर गेली. मला वाईट वाटले हे खरे. पण ती म्हणाली, "पंचवीस तारीख मिळाली ना आई, मग पोपटी थोडी गार चालेल."

घरच्यांनी काय पाळावे

इथे घरातल्या मोठ्यांना दोन शब्द. मुलगी घरात बसून काम करते म्हणजे ती मोकळी आहे असे नव्हे. "जरा भाकऱ्या टाक, मग बस" असे म्हणू नये. मुलाला जसे कामावरून बोलावत नाही तसे तिलाही बोलावू नये. ज्यांच्या घरी उतरलो त्या वन्संनाही रजा नसते. दहा माणसांचे दोन वेळचे करून त्यांची कंबर मोडते. आमच्याकडे मुलांचे वडील आणि भाचा यांनी भांडी व पाणी पाहिले, किराणा आम्ही नेला. आणि रात्री अकराला पाळी सुटल्यावर पोरीला गप्पांना बसवू नये. सकाळी फिरायचे असेल तर तिला झोप हवी. २८ ला शनिवारी माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला गेलो. घाटात फोनला रेंज नसते, म्हणून हा टप्पा साप्ताहिक सुट्टीलाच ठेवला होता. २९ चा रविवार ती येरवड्याला माझ्या बहिणीकडे नुसती झोपली. तीही प्रवासाचीच गरज.

भीमा कोरेगाव

३१ ची पाळी रात्री अकराला संपली. शेजारी फटाके वाजत होते. चार तास झोपून आम्ही निघालो. नगर रस्ता ३१ पासूनच वळवलेला असतो. गाड्या दूरच्या वाहनतळांवर ठेवून पुढे शहर बसने आणि मग पायी जावे लागते. साडेपाचला आम्ही त्या अंधारात, हजारोंच्या रांगेत चालत होतो. थोरली घड्याळ पाहून म्हणाली, "आत्ता तिकडे बारा वाजले. नवीन वर्ष लागलं." विलायतेत मध्यरात्र, इथे पहाट.

भीमेच्या काठी पेरणे हद्दीत विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत. 'नाक' प्रत्ययाची नावे वाचताना म्हातारी माणसे बोट लावून थांबतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे आले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाड घडले. एका वर्षाची ही दोन टोके आपण आता दहा दिवसांत जोडतो. २०१८ च्या दंगलीनंतर इथला बंदोबस्त फार वाढला आहे. पोलीस सांगतील त्या रांगेने जावे, अफवा पुढे ढकलू नयेत.

या गर्दीत फोन लागत नाही. म्हणून चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आधी ठरवावे, म्हाताऱ्यांच्या आणि लहानांच्या खिशात नाव व फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी, पाणी जवळ बाळगावे. ज्याला त्या दिवशी काम आहे त्याने पहाटे येऊन दहाच्या आत परत फिरावे. लॅपटॉप तर गर्दीत आणूच नये.

नायगाव

३ जानेवारीला शुक्रवार होता, थोरलीला पाळी होती. म्हणून सकाळी सहाला पुणे-सातारा रस्त्याने निघालो आणि शिरवळहून नायगावला वळलो. खंडाळा तालुक्यातले हे गाव. सावित्रीबाईंचा जन्म इथे ३ जानेवारी १८३१ ला झाला. त्यांचे घर जपून ठेवले आहे. जाड भिंती, बुटकी दारे, आत थंडगार अंधार. शाळेच्या मुली गणवेशात, कपाळावर आडवी चिरी लावून, सावित्रीबाई होऊन आल्या होत्या. या घरातून लग्न होऊन गेलेली, लिहिता-वाचता न येणारी मुलगी पुढे पुण्यात १८४८ मध्ये मुलींच्या शाळेत शिकवायला उभी राहिली.

सासूबाईंना वाचता येत नाही. नातीने त्यांना घरातल्या पाट्या एकेक करून वाचून दाखवल्या. सगळ्या पाट्या झाल्यावर सासूबाईंनी विचारले, "आता किती वाजले? तुझं काम आहे ना?" साडेदहा झाले होते. आम्ही लगेच परतीची गाडी धरली, आणि अडीचला ती येरवड्यात टेबलाशी होती.

पुढच्या डिसेंबरात ज्यांना निघायचे आहे त्यांनी रजेचा अर्ज ऑक्टोबरातच द्यावा. भंडाऱ्याच्या त्या मुलाने सांगितले आहे की या खेपेस तोही पूजा लिहिणार नाही.